कष्टकरी पुरुषाचे मन आणि त्याची सोबत



कामगार चळवळीचा इतिहास बहुधा संपांच्या तारखांनी आणि मजुरीच्या आकड्यांनी सांगितला जातो. ते योग्यच आहे. पोटाचा प्रश्न पहिला. परंतु या इतिहासाला आणखी एक अंग आहे. घरापासून दूर, परक्याच्या कामावर राबणारा पुरुष मनाने कशाच्या आधारावर उभा राहिला? पुरुषाने रडू नये, दुःख बोलू नये, ही आपल्याकडची रीत. मग त्याने मन मोकळे केले तरी कोठे? आमचे म्हणणे असे की, ही सोबत त्याला मालकाने दिली नाही. ती त्याने व त्याच्यासारख्यांनी उभी केली. आणि ती जेथे मोडली, तेथे माणूसही मोडला.

मुंबईपासून आरंभ करू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, ही त्यातील ठळक मागणी. मालकांच्या संघाने ती मान्य करावयास १० जून १८९० उजाडला. हा एक दिवस म्हणजे केवळ हातापायांची विश्रांती नव्हती. गाववाल्याकडे जाणे, घरचे पत्र कोणाकडून तरी वाचून घेणे, भजनाला बसणे, हे सारे त्या रविवारने शक्य केले.

कोकणातून आणि घाटावरून आलेले हे लोक बायकामुले गावी ठेवून आले होते. एकेका खोलीत एका गावची पुष्कळ माणसे पाळीपाळीने राहत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खाणावळीत. कोण जेवावयास आला नाही, कोणाचे अन्नावर मन नाही, हे खाणावळवालीच्या पहिल्याने ध्यानी येई. संपाच्या दिवसांत याच बायांनी उधारीवर कामगारांना जेवू घातले. त्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ या नावाने बांधली. तालीम, भजनी मंडळ, शाहिराचा फड यांनी गिरणगावातल्या एकट्या पुरुषाला माणसांत ठेवले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. गिरण्या बंद पडत गेल्या. नोकरी गेली आणि तिच्याबरोबर ती खोली, ती खाणावळ, ती पाळीची ओळखही विरली. पगाराचे नुकसान हिशोबाच्या वहीत मांडता येते. हे दुसरे नुकसान कोणत्याही वहीत आले नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. येथे गिरणी नव्हती, साल होते. आखाजीला सालदाराचे साल ठरे आणि पुढच्या आखाजीपर्यंत दिवसरात्र तो मालकाच्या गोठ्याशी बांधलेला राही. मुंबईच्या गिरणीत साच्यावर शेजारी तरी असे. सालदाराला बैलांखेरीज सोबत नव्हती. कर्ज वाढे, आणि संध्याकाळची दारू हाच विसावा ठरे.

या माणसाला माणसांत आणण्याचा मोठा प्रयत्न १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोदे भागात मोरवडच्या गुलाम महाराजांनी केला. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र जमून आरती करा, असे त्यांचे सांगणे. ज्याला आयुष्यभर ‘अरे-तुरे’खेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती, त्याला या पंथात ‘आप’ म्हटले जाई. सन्मानाने हाक ऐकणे हे अर्धे औषध आहे, असे आम्हांस वाटते. १९३८ साली महाराज निवर्तले. पुढे रामदास महाराजांनी ते कार्य चालविले.

१९७२ साली शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या पाठीशी अंबरसिंग सुरतवंती यांचे काम होते. भजने म्हणत गावोगाव फिरलेला हा माणूस लोकांत अंबरसिंग महाराज म्हणूनच ओळखला जाई. जमीन आणि मजुरी यांबरोबर संघटनेने गावोगाव तरुण मंडळे बांधली. बायांनी दारूची मडकी फोडली. परंतु मडके फोडल्यावर पुरुषाने संध्याकाळी जावयाचे कोठे, याला मंडळाची बैठक हे उत्तर होते, हे विसरता कामा नये.

आज खापरच्या बाजारातून उचल घेऊन टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात. कोयता चालतो तोवर पाल, पाल उठले की पुढचा फड. तेथे ना मंडळ, ना आरती, ना रविवार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ लोकांनी आत्महत्या केली. त्यांत ४२,००४ रोजंदारी करणारे होते, आणि त्यांपैकी ३७,७५१ पुरुष. शेतमजुरांची गणना तर निराळीच आहे. हा आकडा आळशी वा दुबळ्या माणसांचा नव्हे, राबणाऱ्यांचा आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मुकादमाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा. परंतु क्रमांक फिरविण्याइतके बळही ज्याच्यात उरलेले नाही, त्याच्याकडे शेजाऱ्यानेच गेले पाहिजे. म्हणून संघटनेच्या मागणीपत्रात मजुरीच्या दराखाली आणखी दोन कलमे लिहावी लागतील: आठवड्याची एक सुट्टी, आणि प्रत्येक टोळीत विचारपूस करणारा एक नेमलेला माणूस. पहिले कलम लोखंड्यांनी १८८४ साली लिहिले होते. दुसरे खाणावळीने आणि आरतीने न लिहिता पाळले होते. ते आता लिहून घेतले पाहिजे.