शेवटची तार कोणाची?

२००५च्या सुमारास मुंबईत घरी नेट घ्यायचे म्हटले, तर कागदावर तीन वाटा होत्या. टेलिफोनच्या लाइनवर मॉडेमने डायल करायचे, त्याच लाइनवर सरकारी फोन कंपनी एमटीएनएलचे डीएसएल घ्यायचे, नाहीतर केबलवाल्याला सांगून गच्चीवरून वायर ओढून घ्यायची. या तिन्हींची तुलना वेग, भाडे आणि डाउनलोडची मर्यादा यांवर होई, आणि ग्राहकाने हिशोब मांडून काय ते ठरवावे, असा एकंदर सूर असे. प्रत्यक्षात हा हिशोब ग्राहकाच्या हाती फारसा नव्हताच. त्याच्या दारापर्यंत कोणाची तार आलेली आहे आणि त्या तारेवर दुसऱ्या कोणाला धंदा करायची मुभा आहे का, या दोन गोष्टींनी तो आधीच मांडून ठेवला होता. महाराष्ट्रातल्या घरगुती इंटरनेटची पहिली पंधरा वर्षे या अंगाने पाहिली, तर तंत्रज्ञानाच्या शर्यतीपेक्षा मालकीची गोष्ट ठळकपणे पुढे येते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. मुंबई हे पहिल्या शहरांपैकी एक होते. देशाबाहेर जाणारी वाट व्हीएसएनएलची, घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तांब्याची तार मुंबईत एमटीएनएलची आणि उरलेल्या महाराष्ट्रात दूरसंचार खात्याची, म्हणजे पुढच्या बीएसएनएलची. त्यामुळे ग्राहकाला दोन बिले येत: एक इंटरनेटच्या तासांचे, दुसरे फोनच्या कॉलचे. नोव्हेंबर १९९८मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, परवाना शुल्क जवळजवळ माफ झाले, सत्यम इन्फोवेसारख्या कंपन्या उतरल्या आणि तासांचे दर कोसळले. दुसरे बिल मात्र तसेच राहिले. कंपनी कोणतीही निवडा, डायल करायचे ते त्याच तारेवरून, आणि जितका वेळ नेट चालू तितका वेळ मीटर चालू, शिवाय घरचा फोन बाहेरच्यांना एंगेज. वेगालाही तिथेच कुंपण होते. टेलिफोनचे जाळे माणसाच्या आवाजापुरते बांधलेले असल्याने एका कॉलच्या वाट्याला एक्स्चेंजमध्ये सेकंदाला ६४ किलोबिट येत, म्हणून उत्तमातला उत्तम मॉडेमही ५६च्या पुढे जाऊ शकत नव्हता. म्हणजे स्पर्धा आली ती वरच्या मजल्यावर. तळमजल्याचा मालक बदलला नाही.

तांब्याच्या तारेला वळसा घातला तो केबलवाल्यांनी. १९९१च्या आखाती युद्धानंतर आणि उपग्रह वाहिन्या आल्यावर शहरांमध्ये गच्चीवरून, झाडांवरून, खांबांवरून केबल टीव्हीचे जाळे पसरले. त्याचा कायदा झाला तो १९९५मध्ये, म्हणजे वायरी आधी आणि नियम नंतर. हेच जाळे इंटरनेटला वापरणे वाटते तितके सोपे नव्हते. टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेने, घराकडे येतो. मधले अॅम्प्लिफायरही तसेच एकतर्फी. घरातून परत पाठवायची सोय करायची तर सगळी साखळी बदलावी लागे. हॅथवेसारख्या मोठ्या कंपन्यांनी काही भागांत तो खर्च केला. बाकीच्यांनी सरळ टीव्हीच्या केबलशेजारून संगणकाची लॅन केबल इमारतीवरून इमारतीवर टाकली आणि गच्चीवरच्या पेटीत स्विच बसवला. या वायरीची झेप शंभर मीटरची. दादर, घाटकोपर, ठाण्याच्या दाटीत तेवढी पुरेशी होती. जिथे घरे विरळ होती तिथे हे गणित जमत नसे. सिफीसारख्या कंपन्या बँडविड्थ पुरवत, केबलवाला ती घरोघर पोचवी आणि दर महिन्याला केबलच्या पैशांबरोबर नेटचेही घेऊन जाई. तोटे उघड होते: संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग मंदावे, एका गच्चीवरची वीज गेली की पुढच्या चार इमारती बंद, पावसाळ्यात वीज कडाडली की स्विच जळे. तरीही एमटीएनएलला न विचारता घरात नेट येण्याचा हा पहिला मार्ग होता. पण इथेही मालकी सुटली नाही. प्रत्येक केबलवाल्याचा एरिया ठरलेला, आणि दुसऱ्याच्या एरियात वायर टाकायची नाही हा अलिखित करार. ग्राहक सरकारी मक्तेदारीतून सुटून गल्लीच्या मक्तेदारीत गेला.

डीएसएलच्या बाबतीत तर हा प्रश्न धोरणाच्या पातळीवरच आला होता. आवाजाला तांब्याच्या तारेचा अगदी खालचा पट्टा पुरतो; वरच्या लहरींवरून डेटा पाठवता येतो, आणि घरात एक लहानसा स्प्लिटर लावला की फोन आणि नेट एकाच वेळी चालतात. त्यासाठी एक्स्चेंजमध्ये, नेमकी तार जिथे संपते तिथे, यंत्रे बसवावी लागतात. ती कोणी बसवायची? एप्रिल २००४मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली की बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने खुल्या कराव्यात. ऑक्टोबर २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले, मोठी उद्दिष्टे ठरवली, पण तारा खुल्या करण्याची सक्ती टाळली. २००५च्या सुरुवातीला एमटीएनएलचे ट्रायबँड आणि बीएसएनएलचे डेटावन आले, आणि देशातल्या चार कोटींच्या आसपास लँडलाइनींपैकी बहुतेक त्या दोघांच्याच मर्जीवर राहिल्या. धोरणाने २०१०पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे स्वप्न पाहिले होते. प्रत्यक्षात आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचला.

यावर पहिला आक्षेप असा की डायल-अप, मग डीएसएल, मग केबल, मग फायबर ही तंत्रज्ञानाची स्वाभाविक चढण आहे, मालकीचा मुद्दा उगाच घुसडला जातो. पण मुंबईतला क्रम या चढणीत बसत नाही. केबलवाल्यांचे नेट डीएसएलच्या आधी काही वर्षे घरांत आले होते, आणि डीएसएल आल्यावरही डायल-अप लगेच संपले नाही. लहान गावात तर केबलची पायरी अनेकदा आलीच नाही. तिथे बीएसएनएलची तार हाच एकमेव पर्याय होता. तंत्र सगळीकडे तेच होते, क्रम मात्र गावागणिक, कधीकधी गल्लीगणिक वेगळा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकांनी शेवटी दर पाहूनच निवड केली. हे खरेच आहे. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, आणि त्या वेळेसाठी संगणक चालू ठेवून झोपणारी घरे काही थोडी नव्हती. इतका काटेकोर हिशोब होई. पण तो हिशोब समोर ठेवलेल्या पर्यायांपुरताच होता. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांपैकी एकीत केबलवाल्याची वायर पोचलेली आणि दुसरीत नाही, तर दुसरीतल्या ग्राहकापुढे दरांची तुलना करायला काही उरत नाही. डीएसएलचेही तसेच. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर दूर असलेल्या घरात, किंवा रस्त्याखालच्या जुन्या जॉइंटमध्ये पावसाचे पाणी शिरत असेल तिथे, जाहिरातीतला वेग मिळत नसे. दर सगळ्यांना एक, तार मात्र ज्याची त्याची वेगळी.

तिसरा आक्षेप तारा खुल्या करण्याच्या विरोधातला. बीएसएनएलला तोट्यातले ग्रामीण फोन चालवायचे होते. शहरातल्या किफायतशीर तारा खासगी कंपन्यांना दिल्या असत्या तर सरकारी कंपनीने जाळ्यावर खर्च का करावा? शिवाय बऱ्याच तारा डीएसएलला नालायक होत्या, त्या खुल्या करूनही काय साधले असते? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सक्ती झाली असती तर दोन कोटींचा आकडा गाठलाच असता असे म्हणता येत नाही. पण खर्चाच्या प्रश्नाला भाडे हे उत्तर होते: तार वापरणाऱ्याने देखभालीसह दाम मोजावा, आणि ग्रामीण फोनचा भार एका कंपनीच्या मक्तेदारीवर न टाकता सर्वांनी उचलावा. हे जाळे सार्वजनिक पैशाने आणि वर्षानुवर्षे फोनची वाट पाहिलेल्या ग्राहकांच्या भाड्यातून उभे राहिले होते. ते बंद ठेवूनही त्याची डागडुजी झाली नाही; मोबाइल आल्यावर लँडलाइनी सुटत गेल्या आणि तांबे जमिनीत पडून राहिले. राखून ठेवलेली मक्तेदारी मक्तेदाराच्याही उपयोगी पडली नाही.

मोठ्या भांडवलाने हा धडा अचूक घेतला. २०१८मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा वाहिन्यांपेक्षा मोलाची होती ती घराघरांत पोचलेली वायर आणि ती सांभाळणारा स्थानिक केबलवाला. आज फायबरच्या कंपन्या वेगाचे आकडे फलकांवर झळकवतात, आणि अनेक सोसायट्यांत आत यायची परवानगी एखाद-दुसऱ्याच कंपनीला असते. म्हणून वेगाचा तक्ता पाहण्याआधी सोसायटीच्या सभेत विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: इमारतीत वायर टाकायची नळी कोणाच्या ताब्यात आहे, आणि ती एकापेक्षा जास्त कंपन्यांना खुली आहे का? ती सोसायटीने स्वतःच्या हाती ठेवली, तरच ग्राहकाला निवडायला काही उरते.