मावळ्याचे चिलखत

दिवाळीचा मातीचा किल्ला आमच्या कल्याणात अजूनही मुले हौसेने करतात. गेल्या वर्षी माझ्या नातवाने सोनेरी पूड वॉर्निशात कालवून आपल्या सगळ्या मावळ्यांना चिलखते चढविली आणि मला विचारले, "आजोबा, अगदी खऱ्या काशाची वाटतात ना?"

कासे आणि कल्याण यांचे नाते जुने आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकाने 'कल्लियाना' बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात शिसवी लाकूड, कापड आणि 'खाल्कोस' यांची नोंद केली आहे. हा ग्रीक शब्द तांबे व कासे दोहोंना चाले. त्याच्याही हजारएक वर्षे आधी ग्रीक योद्धे काशाची उरस्त्राणे घालीत.

मी नातवाला सांगितले, "सुमारे नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील यांचे कासे घासले की तांबूस पिवळे दिसते, वापराने तपकिरी होते. हिरवा थर चढतो तो वर्षानुवर्षे ओलीत पडून राहिल्यावर. चित्रकार ग्रीक शिपाई हिरवा रंगवितात, तेव्हा ते शिपाई नव्हे, संग्रहालय रंगवितात!"

मग आम्ही एका बाहुल्याला गडद तपकिरी रंग दिला. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने पूड फक्त उंचवट्यांवर आणि कडांवर टेकविली; खोलगट भाग काळसर ठेवला. चिलखत एकदम जड दिसू लागले.

"आता सगळे असेच करू!" तो म्हणाला.

"पण मावळ्याला काशाचे चिलखत होते कुठे?" मी म्हटले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचे, आणि तेही मुख्यतः सरदारांच्या अंगावर. साध्या मावळ्याच्या अंगात सुती कपडा, हाती ढाल-तलवार.

नातू हिरमुसला. "मग तो शूर कसा दिसेल?"

या प्रश्नाने मी गप्प झालो. आपणही इतिहासाला सोनेरी पूड फासतो ती याच भीतीने. वास्तविक, छातीवर केवळ सूत असताना जो तट चढला, त्याला मुलाम्याची गरज काय?

दुसऱ्या दिवशी पाहतो तो मावळे पांढऱ्या अंगरख्यांत तटावर उभे! काशाचा वीर मात्र खाली निळ्या कागदाच्या खाडीकाठी होता.

"हा ग्रीक, आजोबा. बंदरातून माल न्यायला आलाय."

शतकांचा घोटाळा होता खरा; पण मी तो तसाच राहू दिला.