कळ

पिंजऱ्यापाशी वाका. आवाज करू नका.

आत एक उंदीर आहे. त्याच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवलेली आहे आणि ती बाहेरच्या पंपाला जोडली आहे. पिंजऱ्याच्या भिंतीला एक छोटी कळ आहे. उंदीर कोपरा हुंगतो, मिशा हलवतो, मग पुढचा पाय उचलून कळ दाबतो. पंप हलतो आणि निकोटीनचा एक बारीकसा डोस थेट रक्तात उतरतो. तिथून मेंदूपर्यंत जायला त्याला काही सेकंद पुरतात. उंदीर जरा थांबतो. परत कळीकडे वळतो.

साल १९८३. गाव रिचमंड, राज्य व्हर्जिनिया. या भागात साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ तंबाखू पिकते आहे. तुम्ही उभे आहात ते फिलिप मॉरिसच्या, म्हणजे मार्लबरो विकणाऱ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात. या खोलीत काय चाललंय ते कंपनीतल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे. हे काम ज्यांच्याकडे आहे ते व्हिक्टर डीनोबल १९८० मध्ये इथे आले. पुढच्या वर्षी पॉल मेली त्यांना येऊन मिळाले. नेमून दिलेलं काम ऐकायला चांगलंच वाटतं: मेंदूला निकोटीनसारखंच भावेल, पण हृदयाला त्रास देणार नाही असं एखादं द्रव्य शोधायचं. त्यासाठी आधी एक गोष्ट मोजायला हवी होती. निकोटीन मिळावं म्हणून प्राणी स्वतःहून किती कष्ट घेतो?

आता नीट बघा. इथे धूर नाही. पेटवायची काडी नाही, कट्ट्यावरचे मित्र नाहीत, जाहिरातीतला घोडेस्वार नाही. या उंदराला कोणापुढे मोठं दिसायचं नाही, ऑफिसातला ताण घालवायचा नाही. माणूस सिगारेट का ओढतो याची जेवढी कारणं आपण एकमेकांना सांगतो, ती सगळी या पिंजऱ्याबाहेर राहिली आहेत. तरी तो कळ दाबतो. एका डोससाठी जास्त वेळा दाबायला लावली तरी दाबतो. नळीतून निकोटीनऐवजी मिठाचं पाणी सोडलं, की त्याचं मन कळीवरून उडतं.

दोघा शास्त्रज्ञांना आणखीही काही सापडलं. तंबाखूतली साखर जळते तेव्हा धुरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. त्याच्यासाठीही उंदीर कळ दाबत होते, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर परिणाम बेरजेपेक्षा जास्त येत होता.

पिंजऱ्यापासून उठा आणि वीस वर्षं मागे चला. १९६३ चा जुलै, केंटकी राज्यातलं लुईव्हिल. ब्राऊन अँड विल्यमसन कंपनीचे मुख्य वकील अ‍ॅडिसन येमन एक टिपण लिहीत आहेत. त्यांच्या खांद्यावरून वाचा. निकोटीन व्यसन लावतं आणि आपला धंदा हे व्यसन लावणारं औषध विकण्याचा आहे, असं त्यात सरळ लिहिलं आहे. टिपण फायलीत गेलं. सहा महिन्यांनी, ११ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा पहिला मोठा अहवाल आला. फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल तो स्पष्ट बोलला, पण सिगारेटच्या ओढीला त्याने सवय म्हटलं, व्यसन म्हटलं नाही. देशाच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याच्या अहवालात ‘व्यसन’ हा शब्द यायला १९८८ साल उजाडावं लागलं. वकिलाच्या टेबलावर तो पंचवीस वर्षं आधीच होता. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला राग आवरेना, आणि तो अजून गेलेला नाही.

१९७२ मध्ये पुन्हा रिचमंड. फिलिप मॉरिसचे मानसशास्त्रज्ञ विल्यम डन एका परिषदेचा सारांश लिहितात. त्यांचं म्हणणं असं: पाकीट म्हणजे दिवसभराच्या निकोटीनची साठवणीची पेटी समजा, सिगारेट म्हणजे एक डोस देणारं साधन समजा, आणि धूर हे निकोटीनचं वाहन. माल निकोटीन आहे, बाकी सगळं वेष्टन.

मग त्या वाहनाचा वेग वाढवायचं काम आलं. ते कसं झालं हे समजायला तुम्हाला अमेरिकन रसायनशास्त्र शिकायची गरज नाही. कुठल्याही गावच्या पारावर या. डबीच्या एका कप्प्यातून तंबाखू तळहातावर येते, दुसऱ्यातून बोटाच्या टोकाएवढा चुना. अंगठ्याने मळायचं, वरून दोन थापा, भुकटी उडाली की चिमूट ओठाखाली. चुना कशाला, असं विचारा. उत्तर येईल, ‘चुन्याशिवाय लागत नाही.’ त्या ‘लागण्या’तच सगळं रसायन आहे. पानातलं निकोटीन बहुतांशी आम्लाशी जखडलेलं असतं. चुना अल्कधर्मी, तो ही गाठ सोडवतो. मोकळं झालेलं निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात शिरतं.

फिलिप मॉरिसने हेच काम अमोनियाकडून करून घेतलं. देठ आणि चुरा यांचा लगदा लाटून जी तंबाखू बनवतात, तिच्यात १९६० च्या दशकापासून अमोनियाची संयुगं पडू लागली. मार्लबरोचा खप वाढत गेला तशी आर. जे. रेनॉल्ड्स या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी मार्लबरोचा धूर तपासला. तो आपल्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी आहे, त्यात मोकळं निकोटीन जास्त आहे, हे त्यांनी १९७३ मध्ये आपल्या साहेबांना लिहून कळवलं. आमच्याकडची माणसं हे तळहातावर अनुभवाने शिकली. तिथे ते पगारी शास्त्रज्ञांनी मोजून, नोंदवून, कुलपात ठेवलं. फरक हा आहे, आणि तो फार मोठा आहे.

जाता जाता एक ‘लाइट’ सिगारेट उजेडात धरून बघा. फिल्टरभोवती टाचणीच्या टोकाहून बारीक भोकांची रांग दिसेल. टार आणि निकोटीन मोजणारं सरकारी यंत्र मिनिटाला एकदा, दोन सेकंद, ३५ मिलिलिटर झुरका घेत असे. त्याच्या झुरक्यात या भोकांतून हवा मिसळायची आणि आकडा कमी यायचा. माणसाच्या बोटांनी, ओठांनी तीच भोकं बुजतात. डोस कमी पडला तर माणूस झुरका खोल घेतो. यंत्राला तलफ येत नाही.

पुन्हा १९८३. डीनोबल आणि मेली यांनी उंदरांच्या प्रयोगावर निबंध लिहिला आहे आणि ‘सायकोफार्माकॉलॉजी’ या नियतकालिकाने तो स्वीकारलाही आहे. त्याच ऑगस्टमध्ये न्यू जर्सी राज्यात रोझ सिपोलोन नावाच्या बाईने कंपन्यांवर दावा लावला आहे. सोळाव्या वर्षापासून सिगारेट ओढणाऱ्या रोझला फुप्फुसाचा कॅन्सर झाला आहे. प्रतिवाद्यांत फिलिप मॉरिसही आहे. बचाव ठरलेला: बाईंनी स्वतःच्या मर्जीने ओढली, मनात आणलं असतं तर सोडता आली असती. असा बचाव उभा असताना रिचमंडच्या उंदराला बाहेर बोलू देणं परवडणार नव्हतं. निबंध मागे घ्या, असा हुकूम आला. तो मागे घेतला गेला. उंदीर कळ दाबतात म्हणून अब्जावधींचा धंदा मी का धोक्यात घालू, असं एका वरिष्ठाने विचारल्याचं डीनोबल यांनी पुढे सांगितलं.

१९८४ चा एप्रिल. दोघांना कळवलं गेलं: यंत्रं बंद करा, प्राणी मारून टाका, ओळखपत्रं जमा करा. तुम्ही त्या खोलीच्या दारात उभे राहा. पिंजरे शांत आहेत. कळ दाबायला कोणी उरलेलं नाही. दोघेही करारनाम्याने बांधलेले. बाहेर चकार शब्द काढला तर कंपनी कोर्टात खेचणार.

रोझ त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. खटला तिच्या नवऱ्याने पुढे चालवला. १९८८ मध्ये ज्यूरीने निकाल दिला, त्यात ८० टक्के दोष रोझचाच धरला. निकालाच्या त्या दिवशी तुम्ही नेवार्कच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. तुम्हाला तो पिंजरा आठवेल. ज्यूरीतल्या सहा माणसांना तो आठवणं शक्यच नव्हतं, कारण त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. ही गोष्ट मला उंदरांच्या मरणापेक्षाही जास्त टोचते.

१४ एप्रिल १९९४, वॉशिंग्टन. अमेरिकी संसदेत, खासदार हेन्री वॅक्समन यांच्या उपसमितीपुढे सात सिगारेट-तंबाखू कंपन्यांचे प्रमुख ओळीने उभे राहून उजवा हात वर करून शपथ घेतात. समितीतले खासदार रॉन वायडन एकेकाला विचारतात: निकोटीन व्यसन लावत नाही, असं तुमचं मत आहे का? पहिलं उत्तर फिलिप मॉरिसचे विल्यम कॅम्पबेल देतात. व्यसन लावत नाही, असं माझं मत आहे. पुढचे सहाही तेच म्हणतात. बरोबर दोन आठवड्यांनी, २८ एप्रिलला, कंपनीने करारातून मोकळं केल्यावर डीनोबल आणि मेली त्याच समितीपुढे बसतात. दहा वर्षांनी पहिल्यांदा ते सगळ्यांसमोर सांगतात: उंदीर, नळी, कळ, आणि ती बंद पडलेली खोली.

२००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी लोकांना अनेक दशकं फसवल्याचा निकाल दिला. अपिलांत आणखी अकरा वर्षं गेली. नोव्हेंबर २०१७ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर कंपन्यांना कोर्टाच्या आदेशाने कबुली द्यावी लागली: व्यसन लागावं आणि टिकावं एवढं निकोटीन मिळेल अशाच सिगारेट मुद्दाम बनवल्या.

आता परत या. तुमच्या घरात कोणीतरी असेल. दर पाडव्याला सोडतो म्हणणारे काका, जेवण झालं की गच्चीत जाणारा मुलगा, पहाटे मिशरी लावल्याशिवाय चुलीपाशी न जाणारी आजी. त्यांना आजवर अनेकदा ऐकवलं गेलंय, ‘तू मनावरच घेत नाहीस.’ हे वाक्य एकदा गिळा. त्यांच्याशेजारी बसा. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठी मदत करणारा फुकट नंबर त्यांना लावून द्या, आणि फोन हातात दिल्यावर उठून जाऊ नका.