डहाणू-तलासरीहून स्कूबा डायव्हिंगला जाताय? बुकिंगआधी हे तपासा

निळंशार पाणी, भोवती माशांचा थवा आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली 'ओके'ची खूण. असं रील पाहिलं की डहाणू, बोर्डी किंवा झाईच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, समुद्र तर आपल्या दारातच आहे, मग स्कूबा इथेच का नाही?

आपल्या समुद्रात का नाही?

कारण इथलं पाणी गढूळ आहे, आणि ते प्रदूषणामुळेच आहे असं नाही. डहाणूच्या उत्तरेला खंबातचं आखात आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या आपला गाळ तिथे आणून टाकतात. आखात निमुळतं असल्यामुळे तिथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वात मोठ्यांपैकी आहे. तिचा जोर डहाणूपर्यंत जाणवतो. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करताना तळाचा चिखल सतत ढवळत राहतो. पाण्याखाली स्वतःचा हातही नीट दिसणार नाही अशा ठिकाणी हौशी डायव्हिंग होत नाही.

म्हणून महाराष्ट्रात स्कूबा म्हटलं की मालवण-तारकर्ली. तिथे भरती-ओहोटीतला फरक डहाणूच्या निम्म्याच्या आसपास आहे, तळाला खडक आणि प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही तारकर्लीलाच आहे.

कधी जायचं?

मुलांना सुट्टी असते म्हणून बहुतेक कुटुंबं मे महिना धरतात. स्कूबासाठी तो सर्वात वाईट पर्याय आहे. मे उजाडला की वारा वाढतो, लाटा वाढतात, पाणी गढूळ होऊ लागतं. महाराष्ट्र सागरी मंडळ साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंद ठेवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फक्त नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा. तेव्हा एका प्रशिक्षकाच्या वाट्याला किती पर्यटक येतात हे पाहिलं तर तुम्हीच परत फिराल.

महिना ठरला की तिथी पाहा. ही गोष्ट किनाऱ्यावरच्या कोळी, मांगेला घरांत वेगळी शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे जोराचा प्रवाह आणि ढवळलेलं पाणी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे प्रवाह मंद आणि पाणी तुलनेने स्वच्छ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा जुना हिशोबही कामाला येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा आहे, मालवणला भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ अर्थात तिथल्या बोटवाल्यालाच विचारायची.

जायचं कसं?

डहाणू ते मालवण हे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तलासरीला रेल्वे नाही, त्यामुळे डहाणू रोड किंवा उंबरगाव गाठावं लागतं. गुजरातहून कोकण रेल्वेने दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या वसई रोड-पनवेलमार्गे जातात, म्हणून वसईला गाडी बदलणं बहुतेकांना सोयीचं पडतं. उतरायचं कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला. प्रत्येक गाडी तिन्हीकडे थांबत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात.

रात्रभर प्रवास करून सकाळी थेट बोटीत बसू नका. झोप नसलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाला बोट हमखास लागते. पहिला दिवस विश्रांतीचा, दुसरा डायव्हिंगचा आणि तिसरा मोकळा ठेवा. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे समुद्र बंद झाला तर तो उपयोगी पडतो.

पाण्याखाली नेमकं काय होतं?

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. हा दाब सर्वात आधी कानाला कळतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायचं, की कान मोकळे होतात. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच, आणि खाली जाताना पुन्हा पुन्हा. तरीही दुखलं तर प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर यायचं. हे घरी खुर्चीत बसून चार दिवस करून पाहा. कान मोकळे होतच नसतील तर ते तिथे पाण्यात समजण्यापेक्षा इथे समजलेलं बरं.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहतो आणि त्यामुळे फुप्फुसाला इजा होऊ शकते. हा धोका दोन मीटर पाण्यातही असतो. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, श्वास धरतो आणि वर झेपावतो.

नवख्यांसाठी जे असतं ते 'ट्राय डाइव्ह'. वय किमान १० वर्षं, प्रशिक्षक सतत सोबत, आणि मालवणला पाण्याखालचा वेळ साधारण १५ ते २० मिनिटं. त्यासाठी पोहता येणं सक्तीचं नाही. 'ओपन वॉटर' हा खरा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. त्यात २०० मीटर पोहावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, आणि तो पूर्ण केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

फॉर्मवर खरं लिहा

डायव्हिंगआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गर्भारपण असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गर्भवतींनी तर नकोच. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्द करा. गोळी घेऊन गेलात आणि पाण्याखाली तिचा असर संपला तर वर येताना कान-सायनस अडकतात.

आपल्या भागासाठी यात एक भर घालायला हवी, सिकलसेल. पालघरच्या आदिवासी कुटुंबांत हा आजार आढळतो, पण मालवणच्या काउंटरवर तो कुणी आपणहून विचारेल याची खात्री नाही. थंड पाणी, दमणूक, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजनची कमतरता, या सगळ्यांनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. आजार असलेल्यांनी स्कूबाचा विचार सोडलेला बरा. केवळ वाहक असाल तर तेवढा धोका नसतो, तरी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर लिहा. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल तर निघण्याआधी ते काढून पाहा. तपासणीच झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

सर्वात मोठा धोका बोटीवर

माशांची, शार्कची भीती सगळ्यांना वाटते. बोटीची कुणाला वाटत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूत पारनाक्याजवळच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुलींचा मृत्यू झाला. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, त्यात दोघे दगावले. तारीख पुन्हा एकदा वाचा. हंगाम बंद व्हायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न 'व्हिडिओ फुकट का?' हा नको. बोटीला सागरी मंडळाचा परवाना आहे का, किती माणसांचा आणि प्रत्यक्षात किती बसवता? जॅकेट प्रत्येकाला मिळतं का, लहान मुलांच्या मापाची आहेत का? पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण? त्याचं प्रमाणपत्र पाहता येईल का? बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? हवामान बिघडलं तर पैसे परत की तारीख बदलून? उत्तर देताना समोरचा वैतागला तर दुसरीकडे फोन लावा. मालवणात पर्यायांची वानवा नाही. आणि बोटीत बसल्यावर जॅकेट घालायचं, किनारा दिसत असला तरी आणि फोटो वाईट येत असला तरी.

पाण्याखाली प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय टेकू नका. मासे गोळा व्हावेत म्हणून कुणी पाव किंवा बिस्किटं टाकत असेल तर नको म्हणून सांगा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा. मिशीमुळे मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

परतताना

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एक डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचावर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. कोकण रेल्वेने परतणाऱ्यांना ही अडचण नाही. पण आंबोली घाट चढून कोल्हापूरला देवदर्शन करून यायचा बेत असेल तर तो डायव्हिंगच्या आधी उरका किंवा दुसऱ्या दिवसावर ढकला. परतल्यावर कान दुखत राहिला, सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा छातीत दुखलं तर प्रवासाचा शीण समजून झोपून जाऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि स्कूबा केलं होतं हे पहिल्या वाक्यात सांगा.