गॉडझिलाला माणसांत आणणारा पटकथाकार

वादळ शमतं आणि जपानच्या एका कोळीवाड्याजवळ समुद्रातून एक महाप्रचंड अंडं वाहत येतं. शास्त्रज्ञ नमुने घेऊ लागतात, बातमीदार फोटो काढू लागतात. तेवढ्यात कुमायामा नावाचा एक व्यापारी पुढे होतो आणि सांगतो, हात लावू नका, हे अंडं माझ्या कंपनीचं आहे. कोळ्यांकडून त्याने ते रीतसर विकत घेतलेलं असतं, आणि किंमत लावलेली असते कोंबडीच्या अंड्याच्या घाऊक भावाने! ‘मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला’ (1964) या चित्रपटात गॉडझिला अजून जमिनीखालून वर आलेलाही नसतो, पण प्रेक्षकाला कळून चुकलेलं असतं की इथे संकट दोन बाजूंनी येणार आहे.

हा प्रसंग शिनिची सेकिझावा यांच्या लेखणीतला. तोहो स्टुडिओच्या राक्षसपटांची चर्चा निघाली की दिग्दर्शक इशिरो होंडा, विशेष दृश्यांचे जादूगार एइजी त्सुबुराया आणि संगीतकार आकिरा इफुकुबे यांची नावं हमखास येतात. ती यायलाच हवीत. पण त्या राक्षसांना गोष्ट कोणी दिली, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. 1960च्या दशकातल्या बहुतेक गॉडझिलापटांच्या बाबतीत त्याचं उत्तर सेकिझावा हेच आहे.

1920 साली क्योतोत जन्मलेले सेकिझावा व्यंगचित्रं आणि ॲनिमेशनच्या वाटेने सिनेमात आले. मधे युद्ध आलं आणि सैनिक म्हणून ते दक्षिण पॅसिफिकमध्ये गेले. परतल्यावर त्यांनी हिरोशी शिमिझु यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केलं. युद्धात अनाथ झालेल्या खऱ्याखुऱ्या मुलांना घेऊन 1948 साली चित्रपट काढणारे ते हेच शिमिझु. तोहोसाठी सेकिझावांनी लिहिलेला पहिला राक्षसपट ‘वारान’ 1958 सालचा. तो बेताचाच आहे.

खरी झेप 1961च्या ‘मॉथ्रा’त दिसते. मूळ कथा शिनइचिरो नाकामुरा, ताकेहिको फुकुनागा आणि योशिए होत्ता या तीन मान्यवर साहित्यिकांची. कथेतला महाकाय सुरवंट, म्हणजे मॉथ्रा, जपानच्या संसद भवनावर कोश विणतो. पटकथेत तो तोक्यो टॉवरवर विणतो. टॉवर उभा राहून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कथेतल्या चार चिमुकल्या पऱ्यांच्या पटकथेत दोन झाल्या आणि त्या भूमिका ‘द पीनट्स’ या लोकप्रिय जुळ्या गायिकांनी केल्या. या पऱ्यांना बेटावरून पळवून रंगमंचावर नाचवणारा नेल्सन हा तमाशाचा ठेकेदार म्हणजे सेकिझावांच्या साऱ्या खलनायकांचा मूळपुरुष. मॉथ्रा शहरं उद्ध्वस्त करते ती या पऱ्यांना परत नेण्यासाठी. राक्षसाच्या रागाला एवढं न्याय्य कारण तोवर कोणी दिलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ आला. त्या काळी जपानी सिनेमाच्या मुळावर टेलिव्हिजन उठला होता. 1958 साली देशभरात 112 कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली होती. त्यानंतर आकडा घसरतच गेला. 1962च्या मार्चमध्ये टीव्ही परवान्यांनी एक कोटीचा टप्पा ओलांडला. सेकिझावांनी हीच गोष्ट पटकथेत घेतली. एका औषध कंपनीचा जाहिरातप्रमुख ताको आपल्या टीव्ही कार्यक्रमाला प्रेक्षक नाहीत म्हणून हवालदिल आहे. प्रेक्षक मिळवण्यासाठी तो दूरच्या बेटावरून थेट किंग काँगच मागवतो, आणि वर्तमानपत्रांत गॉडझिला झळकला की चिडतो. इचिरो आरिशिमा यांनी तो असा रंगवला आहे की त्याची कीवही येते. जपानमध्ये या चित्रपटाची एक कोटीहून अधिक तिकिटं खपली. तेवढी दुसऱ्या कुठल्याच गॉडझिलापटाची खपलेली नाहीत.

अमेरिकेत मात्र 1963 साली त्याची चिरफाड झाली. ताकोचे प्रसंग छाटले गेले आणि त्या जागी संयुक्त राष्ट्रांचा एक बातमीदार कॅमेऱ्यासमोर बसून माहिती सांगू लागला. उपहास गेला, मारामारी तेवढी उरली. जपानबाहेर बहुतेकांनी पाहिली ती हीच प्रत. सेकिझावांची उपेक्षा झाली, त्याला हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण म्हणजे ते हसरं लिहीत. तोहोचे दुसरे पटकथाकार ताकेशी किमुरा यांचा पिंड काळोखाचा. ‘मातांगो’सारखी घुसमटवणारी पटकथा त्यांची. समीक्षक किमुरांकडे वळतात आणि सेकिझावांना मुलांचे लेखक म्हणून बाजूला ठेवतात. हे अन्यायाचं आहे. सेकिझावांच्या 1965च्या गॉडझिलापटात परग्रहावरच्या यंत्रशासित आक्रमकांचा पाडाव होतो तो एका गरीब संशोधकाच्या खेळण्यामुळे. स्त्रियांच्या संरक्षणासाठी त्याने कर्कश आवाजाचा एक भोंगा बनवलेला असतो. 1969च्या चित्रपटात तर राक्षस फक्त स्वप्नात येतात. बाकी सगळी गोष्ट कावासाकीच्या धुराड्यांमध्ये वाढणाऱ्या इचिरोची. आई-वडील दोघंही कामावर, गळ्यात घराची किल्ली, गल्लीत दांडगी पोरं. वडील रेल्वेत इंजिनचालक. सेकिझावांना स्वतःला वाफेच्या इंजिनांचं वेड होतं, त्यांची छायाचित्रं काढत ते हिंडत. त्या घराचं एकटेपण त्यांनी आतून लिहिलं आहे.

जपानी घरांत त्यांचे शब्द पोचले ते गाण्यांतूनही. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला त्याच 1964 साली मिसोरा हिबारी यांनी गायलेलं ‘यावारा’ हे ज्यूदोवरचं गीत सेकिझावांचं. 1965चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. 1992 साली त्यांचं निधन झालं.

हे चित्रपट पाहायचे तर इंग्रजीत डब केलेली, कापलेली प्रत टाळावी. मूळ जपानी ध्वनी, खाली उपशीर्षकं, आणि सुरुवात ‘मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला’पासून. त्यात कुमायामा आणि त्याचा भांडवलदार तोराहाता नोटांवरून एकमेकांच्या जिवावर उठतात आणि खिडकीबाहेर गॉडझिला येतो, तो प्रसंग नीट पाहा.