गाणे आधी, संकट नंतर : बॉब डिलनचा दुसरा अल्बम

२२ सप्टेंबर १९६२. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकसंगीताच्या मैफलीत एकवीस वर्षांच्या एका गायकाने एक दीर्घ, भयसूचक गीत सादर केले. शीर्षक होते ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’. बरोबर एका महिन्याने, २२ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळल्याचे जाहीर केले आणि जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले.

तरीही हे गीत क्यूबाच्या संकटातूनच जन्मले, असे आजही सांगितले जाते. ही समजूत कशी रुजली, याचे उत्तर त्या गायकाच्या, म्हणजे बॉब डिलनच्या, दुसऱ्या अल्बमच्या इतिहासात सापडते.

मार्च १९६२ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बममध्ये १३ पैकी अवघी दोन गीते त्याची स्वतःची होती. वर्षभरात जेमतेम ५,००० प्रती खपल्या. त्याला करारबद्ध करणारे निर्माते जॉन हॅमंड यांची कोलंबिया कंपनीत चेष्टा होऊ लागली. डिलनला ‘हॅमंडचा मूर्खपणा’ असे नावच पडले.

दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण एप्रिल १९६२ ते एप्रिल १९६३ असे वर्षभर चालले. या वेळी १३ पैकी ११ गीते त्याची होती. ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल त्याने गुलामांच्या लिलावाविषयीच्या एका जुन्या कृष्णवर्णीय भक्तिगीतावरून घेतली. ‘ऑक्सफर्ड टाउन’ला संदर्भ होता तो जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशावरून उसळलेल्या दंगलीचा. त्या दंगलीत दोघांचा बळी गेला होता.

१२ मे १९६३ रोजी डिलन एड सुलिव्हनच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाणार होता. कट्टर कम्युनिस्टविरोधी जॉन बर्च सोसायटीची खिल्ली उडवणारे गीत त्याने निवडले. सीबीएस वाहिनीने ते नाकारले, तेव्हा दुसरे काही गाण्याऐवजी तो निघून गेला. कोलंबिया ही याच सीबीएसची कंपनी. अल्बममधूनही ते गीत वगळले गेले आणि एकूण चार गीते बदलण्यात आली. जुन्या गीतांसह बाहेर पडलेल्या मोजक्या प्रती आज संग्राहकांच्या लेखी अमूल्य आहेत.

२७ मे १९६३ रोजी ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत गाजलेले गीत मात्र बहुसंख्य श्रोत्यांनी प्रथम दुसऱ्यांच्याच आवाजात ऐकले. पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने गायलेले ‘ब्लोइन इन द विंड’ त्या उन्हाळ्यात अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी जमलेल्या सुमारे अडीच लाख लोकांसमोर ते गायले गेले. एका गोऱ्या तरुणाने वर्णभेदावर असे गीत लिहावे, हे कृष्णवर्णीय गायक सॅम कुक यांच्या मनाला लागले आणि त्यांच्या ‘अ चेंज इज गॉना कम’ला त्यातून प्रेरणा मिळाली. खुद्द अल्बम अमेरिकेत २२व्या क्रमांकापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये १९६५ साली तो अग्रस्थानी होता.

आता मूळ प्रश्नाकडे. अल्बमच्या वेष्टनावर समीक्षक नॅट हेन्टॉफ यांचे टिपण होते. त्यात ‘हार्ड रेन’ क्यूबाच्या संकटकाळी लिहिल्याचे डिलनच्याच तोंडून आले आहे. अल्बम हाती घेणाऱ्या श्रोत्यांनी ऑक्टोबरमधले ते दिवस स्वतः जीव मुठीत धरून काढले होते. गीतातल्या पावसात त्यांना अणुबॉम्बचा वर्षाव दिसला, तेव्हा कवीचा शब्द पडताळून पाहण्याचे त्यांना कारणच उरले नाही.

कार्नेगी हॉलच्या मैफलीची तारीख ही समजूत खोडून काढते. गीताचा जन्म कधी झाला, हे ठरवण्यासाठी कवीच्या आठवणीपेक्षा ती तारीख अधिक विश्वासार्ह आहे. पण १९६३ मधील तरुण रात्री कशाच्या भीतीने जागत होते, हे जाणून घ्यायचे असेल, तर ती चुकीची समजूतही तितकाच मोलाचा पुरावा ठरते.