हरिश्चंद्र, स्टीरिओ आणि आम्ही

मराठी बोलपटाला कंठ फुटला तो आमच्या कोल्हापुरात. १९२९ साली इथे निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ इथेच बोलता केला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये तो पडद्यावर आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे आणि हरिश्चंद्र आमचे गोविंदराव टेंबे. त्याच गावचा माणूस आज राजारामपुरीत टीव्ही घ्यायला गेला, की मुका होतो. बोलतो तो विक्रेता. ‘स्टीरिओ, डॉल्बी, वॅट’ असे मंत्र तो म्हणत सुटतो आणि आपण लग्नात भटजींपुढे डोलवावी तशी मान डोलावतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. मला विज्ञान कळत नाही, पण खतावणी कळते. आणि या शब्दांचा इतिहास खतावणीसारखा वाचला, तर बराचसा उलगडतो.

मोनो म्हणजे एकच नोंद. १९३२ सालचा हरिश्चंद्र मोनो होता. राजा पडद्याच्या डावीकडे असो वा उजवीकडे, आवाज आपला एकाच जागेवरून. गंमत म्हणजे नेमक्या त्याच सुमारास लंडनमध्ये ॲलन ब्लूमलाइन नावाचे एक इंजिनिअर याच गोष्टीवर वैतागले होते. नट एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना सोसवेना, असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला : आवाज दोन मार्गांनी टिपायचा आणि दोन मार्गांनी ऐकवायचा. हाच आपला स्टीरिओ. म्हणजे चक्क द्विनोंदी पद्धत! डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, हिशेब मात्र दोन्ही मिळून एक. नुसते दोन स्पीकर असले म्हणजे स्टीरिओ होत नाही. दोघांतून एकच आवाज येत असेल, तर ती एकच नोंद दोनदा मारल्यासारखी आहे. बँकेत ऑडिटर धरतो. घरी कोणी विचारत नाही एवढेच.

‘डॉल्बी’ हा शब्द मात्र कोल्हापूरकराला शिकवायला नको. विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्या भिंतीएवढ्या यंत्रामुळे खिडक्यांची तावदाने आणि म्हाताऱ्यांची काळजे एकाच तालात थरथरतात, ती डॉल्बी. “डॉल्बी न्हाई तर मिरवणूक कसली, काका?” असे गल्लीतली पोरे मलाच विचारतात. आता रे डॉल्बी या गृहस्थांचे १९६५ सालचे मूळ काम ऐका. टेपवर गाण्यामागे जी ‘स्स्स’ अशी खरखर येते, ती कमी करण्याची युक्ती त्यांनी काढली होती. ज्याने गोंगाट कमी करून नाव मिळवले, त्याच्याच नावाने गोंगाट करायचा, ही करवीरनगरीची गुणग्राहकता!

मग येतात वॅट. १९९०च्या दशकात आमच्या तीर्थरूपांनी एक टेपरेकॉर्डर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२,००० वॅट, पी.एम.पी.ओ.’ अहो, दोन हजार वॅटवर पाण्याचा गीझर तापतो. आमचा टेप सहा सेलांवर चालायचा! पी.एम.पी.ओ. म्हणजे क्षणभराची कमाल शक्ती, आणि ती मोजण्याची रीत ज्याची त्याच्या सोयीची. सतत मिळणारी शक्ती सांगतो तो आकडा आर.एम.एस. पहिले अधिकृत भांडवल, दुसरे वसूल भांडवल. कागदोपत्री कोटी असतात. तिजोरीत किती, ते रोखपालाला विचारावे. मी दुकानात आर.एम.एस. विचारतो, तेव्हा विक्रेत्याचा चेहरा ‘तारण काय देणार?’ असे विचारलेल्या कर्जदारासारखा होतो.

चित्राचेही तेच. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. लुगडे असे मोजून विकले, तर महाद्वार रोडवर दुकान आठवडाभर चालायचे नाही. शिवाय ‘१६:९’ हे रुंदी आणि उंचीचे प्रमाण. जुने बोलपट त्यामानाने चौकोनी, ४:३च्या आसपास. म्हणून नव्या टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. आमच्या सौभाग्यवतींना त्या बघवेनात. “अहो, एवढे पैसे मोजले ते काळं बघायला?” म्हणत त्यांनी रिमोटचे एक बटण दाबले. पट्ट्या गेल्या आणि गोविंदराव टेंबे एकदम आडवे सुटले. दिलेल्या शब्दासाठी राज्यावर पाणी सोडणारा राजा, आणि त्यालाच आम्ही घरबसल्या खोटा पाडत होतो! मी पट्ट्या परत आणल्या.

‘हाय-फाय’ हा शब्द हल्ली भपक्याच्या हॉटेलालाही लावतात. त्याचा मूळ अर्थ हाय फिडेलिटी, म्हणजे पराकोटीची निष्ठा. या सगळ्या शब्दांच्या तळाशी एवढीच एक गोष्ट आहे. वॅट किती आणि इंच किती हे नंतर. मूळ माणूस जसा होता, जसा गायला, तसा आमच्या घरात पोचतो का, हे आधी. गोविंदरावांचा आवाज एकाच मार्गाने येतो, खरखरीसकट येतो. पण ती खरखर त्यांची नव्हे, मधे गेलेल्या नव्वद वर्षांची. घसारा वजा केला, की मूळ मत्ता शाबूत आहे.

सौभाग्यवतींनाही हे पटले आहे. फक्त त्या रिकाम्या पट्ट्यांवर निदान कुलदैवताचे फोटो तरी लावावेत, एवढे त्यांचे म्हणणे आहे.